थेंबाआधीची ओल

४ फेब्रुवारी

गोगी,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तू घेणार नाहीस, आणि कुठलीही गोष्ट वाया घालवणं मला आवडत नाही.

कामाचं लिहिते. आपली प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाते आहे. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माझं एक कपाट तिथे तसंच होतं. नव्या प्रमुख बाईंनी फोन केला की महिनाअखेरपर्यंत रिकामं करा, नाहीतर सगळं रद्दीत जाईल. बाई कसल्या, तुझ्याहून लहान मुलगी आहे, पण बोलते पक्कं. काल गेले. खालच्या कप्प्यात तुझ्या सहा वह्या निघाल्या. कव्हरं थोडी फिकटली आहेत, आतलं अक्षर शाबूत आहे. हव्या असतील तर रजिस्टरने पाठवते. नको असतील तर तसं कळव, उगाच अडकवून ठेवू नकोस.

पत्ता तुझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीने दिला. द्यायला तिने तीन आठवडे लावले, त्यामुळे तुला विचारूनच दिला असणार असं मी धरून चालते. तू चष्म्याच्या काचा घासून देण्याचं दुकान काढलंस, असं ती म्हणाली. नेटकं काम आहे.

तुझी आई बरी आहे. ताईचे गुडघे कुरकुरतात, तोंड तसंच चालतं. शिवण अजून करते, पण आता फक्त शेजारपाजारचं. तुझ्या खोलीत मशीन ठेवलं आहे, तिथे उजेड चांगला येतो.

वह्या चाळल्या. इतक्या वर्षांनी वाचताना एकदोन ठिकाणी असं वाटलं की त्या वेळी तपासणीत थोडी घाई झाली असावी.

एवढंच.

मावशी

१९ फेब्रुवारी

गोगी,

पंधरा दिवस झाले. पोचपावतीवर तुझी सही आहे, म्हणजे पत्र मिळालं. सहीच्या शेवटी तो फराटा अजून ओढतेस.

आता लिहिते ते तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण कागदावर मांडल्याशिवाय मला नीट दिसत नाही. ही सवय तुला माहीत आहे.

आपलं काम लहान मुलांच्या औषधाच्या भुकटीचं होतं. भुकटी पाण्यात टाकली की विरघळायच्या आधी तिच्या गुठळ्या व्हायच्या, बाहेरून चिकट आणि आत कोरड्याठाक. भुकटीच्या दाण्यावर पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा थर होता. दोष त्या थरात आहे का, हे आपण शोधत होतो. म्हणून काचपट्टीवर तोच थर द्यायचा, वाळवायचा, वर सिरिंजने पाण्याचा थेंब सोडायचा आणि थेंबाची कड थराला कितीच्या कोनात टेकते ते भिंगातून मोजायचं. कोन मोठा, म्हणजे थेंब गोटीसारखा उभा राहिला, थराने पाणी घेतलं नाही. कोन लहान, म्हणजे थेंब सपाट पसरला, थर भिजला. शाळकरी पोरालाही जमेल असं काम, असं तू माझ्या हाताखाली शिकायला आलीस त्या पहिल्या दिवशी मी म्हणाले होते.

तुझ्या वह्यांतून दोन गोष्टी निघत होत्या. पातळ थरावर थेंब पसरतो, जाड थरावर अडून बसतो. आणि थेंब जितका सावकाश वाढवावा तितका जास्त पसरतो. मला दोन्ही पटलं नाही. पदार्थ तोच, पाणी तेच. मी विचारलं, "खाली किती खोल आहे हे पाण्याला काय कळतं? ते काय पोहायला उतरलंय?" तू म्हणालीस, "मावशी, मला दिसलं ते मी लिहिलंय." प्रयोगशाळेत मावशी म्हणायचं नाही असा माझा नियम होता. मी आधी त्यावरून झापलं, आकड्यांकडे नंतर वळले.

मग मी स्वतः तपासलं. तू दिवसाला आठ थेंब टाकायचीस. मी एका दुपारी पन्नास टाकले. पन्नासच्या पन्नास उभे. पातळ थरावरही उभे, जाड थरावरही उभे. तुझा एक आकडा जुळेना, आणि तुझ्या आलेखाची रेघ मात्र अशी गुळगुळीत की जणू वळणदार पट्टी, फ्रेंच कर्व्ह, ठेवून काढली आहे. मी माझा निष्कर्ष काढला. पोरीने कंटाळा केला आणि आकडे घरी बसून बनवले.

घरात आम्ही तुला गोगलगाय म्हणायचो, कारण एक पोळी खायला तुला अर्धा तास लागायचा. तो निष्कर्ष मी बैठकीत मांडला, तिथे चौदा माणसं होती. संचालकांनी विचारलं, "तुमच्या भाचीकडून असं कसं झालं?" मी म्हणाले, "गोगलगाय आणि पोटात पाय." लोक हसले. तू हसली नाहीस, रडलीही नाहीस, वही मिटलीस आणि पेनाला टोपण लावलंस. संध्याकाळी ताईने ऐकलं आणि तुला सांगितलं, मावशीची माफी माग, मगच या घरात पाऊल टाक. तू म्हणालीस, जे केलं नाही त्याची माफी मागणार नाही. आणि गेलीस.

आता नवीन. परवा त्या प्रमुख बाईंना विचारून तुझ्या पद्धतीने दोन पट्ट्या केल्या. वयामुळे माझी बोटं आखडतात, सिरिंज भरभर दाबता येत नाही. थेंब सावकाश वाढत गेला आणि पसरला. कोन तुझ्या वहीतल्यापेक्षा दोन अंशांनी वेगळा, बस.

कारण असं दिसतं. पाणी पोचण्याआधी त्याची वाफ पोचते. थेंबाच्या कडेपुढे केसभर जागेत थर ती वाफ पितो आणि मऊ होतो. पातळ थराला थोडी वाफ पुरते. जाड थरात ती खाली मुरून जाते आणि वरचा पापुद्रा कोरडाच राहतो. थेंब हळू सरकला तर वाफेला एवढं करायला वेळ मिळतो. ढकलला तर पाणी कोरड्यावर येऊन अडतं. मी पन्नास थेंब ढकलले.

तुझे आकडे बरोबर होते. हे मला या आठवड्यात कळलं, आणि कळल्याबरोबर लिहिते आहे.

मावशी

३ मार्च

गोगी,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "मावशी, तो लेख लिहिलास तेव्हाही तुझी बोटं आखडत होती का?"

चार दिवस कार्ड शब्दकोशात दडवून ठेवलं होतं, ताईच्या हाती लागू नये म्हणून. ताई शब्दकोश उघडत नाही. तिला सगळे शब्द येतात असं तिचं म्हणणं आहे.

बोटं आखडतात हे खरं आहे. प्रयोग गेल्या महिन्यात केला हे खोटं आहे. तू गेल्यावर विसाव्या दिवशी केला.

तुझं उरलेलं काम मलाच उरकायचं होतं. त्याच आठवड्यात गरम पाण्याचं काचेचं भांडं तडकून माझा उजवा हात भाजला होता, मनगटापर्यंत पट्टी होती. डाव्या हाताने सिरिंज धरली. डावा हात माझं ऐकत नाही, त्यामुळे दट्ट्या अगदी हळूहळू गेला. भिंगातून पाहिलं तर थेंब सपाट होत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याची कड केसभर केसभर पुढे सरकत होती. बाटल्या धुणाऱ्या बाई ट्रे घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, हा तर आपल्या पोरीच्या थेंबासारखा पडला." मी म्हटलं, "तुम्ही बाटल्या बघा."

आठ टाकले. आठही पसरले. जाड थरावर टाकले, ते अडले. तुझ्या वहीशी ताडून पाहिलं. मग हात धुतले, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आले. ताई भाजी निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आला का काही निरोप कार्टीचा? माफी मागायचा विचार आहे की नाही?"

मी म्हणाले, "येईल वळणावर."

का, हे मी इतकी वर्षं स्वतःला नीट विचारलेलं नाही. आता विचारते आहे, तर उत्तर फार मोठं निघत नाही. घरचं माणूस असून पाठीशी घातलं नाही, म्हणून संचालकांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. ती परत कशी करायची मला कळेना. पहिल्या दिवशी एका वाक्यात काम झालं असतं. महिन्याने चार वाक्यं लागली असती. दिवस गेले तसं ते लांबत गेलं, आणि दोन वर्षांनी मी सतरा पानांचा लेख लिहिला. त्यात सगळं तुझं आहे. पातळ थर, जाड थर, सावकाश थेंब. वाफेचं स्पष्टीकरण माझं, पण ते काय, तुझे आकडे समोर असल्यावर कुणालाही सुचलं असतं. शेवटी आभार मानले: "विभागातील सहकारी."

तू तो लेख वाचला असशील असं मला कधी वाटलं नाही, असं मी इथे लिहिणार होते. वाटायचं. बरीच वर्षं टपालवाला दारात उभा राहिला की पहिलं तेच वाटायचं.

आणखी एक आहे ते आत्ताच लिहून टाकते, पुन्हा हात धजणार नाही. पहिल्या दोन वर्षांत तुझी तीन पत्रं ताईच्या नावाने आली. तिने ती न फोडता परत पाठवायला माझ्याकडे दिली. मी पाठवली. पाकिटावर तुझा पत्ता माझ्या अक्षरात होता, तू ओळखला असशीलच. तेव्हा मला सगळं माहीत होतं.

शोधपत्रिकेला लिहिते आहे. लेखावर तुझं नाव पहिलं घाला, असं कळवते. त्यासाठी तुझी लेखी संमती लागेल. फॉर्म सोबत आहे, दोन ठिकाणी सही कर.

मावशी

१२ मार्च

गोगी,

फॉर्म कोरा परत आला. मागे तू लिहिलंस: "नाव नको. मी त्याचं काय करू? आईला सांग. समोर बसून, मोठे शब्द न वापरता."

हे सोडून काहीही सांग. संचालकांना लिहीन, ते हयात आहेत. त्या बैठकीतले जेवढे सापडतील त्या सगळ्यांना लिहीन. ताईला नको.

तिचा रक्तदाब वाढतो. डॉक्टरांनी मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं आहे, आणि मनाला लावून घेणं हाच तिचा धंदा. ती खोटं कशी घेते हे तुला माहीत आहे. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पत्त्यांत एक पान मांडीखाली सरकवलं, तर हिने सगळा डाव उधळला आणि चहा न देता त्यांना घरी पाठवलं. पंच्याहत्तरीच्या बाईला. मी म्हटलं, "अगं, गंमत केली त्यांनी." म्हणाली, "गंमत करायची तर सांगून करावी."

ती सकाळी उठते तेव्हा मी चहा ठेवलेला असतो. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते, ती प्रत्येक बातमीवर शिव्या देते. दुपारी ती शिवते, मी तिला सुईत दोरा ओवून देते, कारण तिला आता दिसत नाही आणि ते ती कबूल करत नाही. "तुला बसून करमत नाही म्हणून देते तुला काम," असं म्हणते. या वयात तिच्याशिवाय मला कोण आहे?

वरचं वाक्य लिहून थांबले. मग वाचलं. तिला तरी तुझ्याशिवाय कोण होतं.

बघते काय जमतं ते.

मावशी

१८ मार्च

काल सांगितलं. म्हणजे सांगायला बसले. म्हणाले, "ताई, त्या वेळी गोगीच्या बाबतीत मोजणीत एक चूक झाली होती."

ताई काज करत होती. म्हणाली, "कुणाची?"

मी म्हणाले, "यंत्राची."

ती म्हणाली, "मग यंत्राला सांग माफी मागायला," आणि दोरा तोडला.

मी उठून आत गेले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

तुला कळवायचं म्हणून कळवलं.

मावशी

२५ मार्च

गोगी,

झालं.

काल सकाळी ताई इस्त्री करत होती. शेजारच्या मुलीचा पांढरा झगा होता, कडक खळ घातलेला. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. मोठे शब्द वापरायचे नाहीत असं तू बजावलं होतंस, म्हणून म्हटलं, हातातल्या कामावरूनच सांगावं.

मी म्हणाले, "खळीच्या कापडावर पाणी शिंपडलं की काय होतं?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की हिला आता काय झालं. म्हणाली, "थेंब उभे राहतात."

"मग?"

"मग काय, थांबायचं. हात लावायचा नाही. जरा दमाने आपोआप मुरतात. जाड खळ असेल तर जास्त थांबायचं. लगेच इस्त्री फिरवली तर डाग पडतात. हे तुला आज कळलं? कॉलेजात शिकवलं नाही?"

मी म्हणाले, "गोगीने हेच लिहिलं होतं. माझ्या प्रयोगशाळेत, तिच्या वहीत. हळू टाकला तर मुरतो, पातळ थरावर लवकर मुरतो. मी थांबले नाही. भराभर पाणी टाकलं, ते उभं राहिलं, आणि मी म्हणाले पोरगी खोटारडी."

ताईने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. ती कधी घाबरून इस्त्री तशीच ठेवणारी नाही. म्हणाली, "मग चूक यंत्राची नव्हती."

"नव्हती."

"कधी कळलं तुला?"

इथे मी पुन्हा अडखळले. खोटं सांगणार नव्हते, पण झग्याची बाही सरळ करत बसले. ती म्हणाली, "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? कधी?"

मी सांगितलं. वीस दिवस. भाजलेला हात तिला आठवत होता, तीच मला भरवायची तेव्हा. ती म्हणाली, "म्हणजे मी तुला घास देत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि ती पाकिटं?"

"हो."

मग लेखाचंही सांगितलं. त्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. तुझं घेऊन मी माझ्या नावावर खपवलं एवढं तिला कळलं, पण ते तिच्या लेखी खालच्या काकूंच्या पत्त्याएवढंच होतं. ती एकाच जागी अडकली होती. म्हणाली, "एवढ्यासाठी? इस्त्रीवाल्या पोराला कळतं एवढ्यासाठी माझी पोर घालवलीस?"

मी म्हणाले, "हो."

माफ कर असं मी तिला म्हणाले नाही. जमलं नाही, आणि जमलं असतं तरी ते ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती. मला वाटलं होतं ती ओरडेल, ताटं आपटेल, रक्तदाबाची गोळी शोधावी लागेल. गोळी मी खिशात घेऊनच बसले होते. ती उठली, झगा अर्धा इस्त्री केलेला तसाच सोडला, आणि मशीनच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारी जेवायला आली नाही. चार वाजता बाहेर आली ती तोंड धुऊन, केस विंचरून. माझ्यासमोर बसली.

म्हणाली, "तू खोटं बोललीस ते तुझं तू बघ. मी तुझं ऐकलं, ते माझं. पोरीला मी एकदाही विचारलं नाही, तू असं केलंस का म्हणून. तू म्हणालीस आणि मी मानलं. कारण तू शिकलेली."

मी म्हणाले, "ताई, ते तुझ्याकडे नको घेऊस."

ती म्हणाली, "तू मला आता काही सांगू नकोस. नंबर दे तिचा."

तुझ्या कार्डावर दुकानाचा शिक्का होता, त्यात नंबर होता. शब्दकोशातून कार्ड काढून दिलं. कार्ड कुठे होतं ते तिने पाहिलं. फोन तिने हॉलमधून केला. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. पलीकडे तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. ताई उभ्यानेच ऐकत होती. मग म्हणाली, "मी येतेय. तू नको म्हणालीस तरी येतेय. न्यायला आली नाहीस तर स्टेशनच्या बाकावर बसून राहीन, मला सवय आहे बसायची."  मग म्हणाली, "जेवतेस ना गं वेळेवर?"

त्यानंतरचं मी ऐकलं नाही, नळ सोडला.

मावशी

२९ मार्च

गोगी,

हे पत्र ताईच्या सामानात, वरच्या खणात ठेवते आहे, म्हणजे तुला तिच्याबरोबरच मिळेल. तिला सांगितलं आहे. वाचून बघायचं का म्हटलं, तर म्हणाली, "तुझी पत्रं तुझ्याजवळ."

गाडी सव्वादहाला पोचते, डबा मागून तिसरा. रक्तदाबाची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, पांढरी. पिवळी गुडघ्यांची, ती रोज नाही, दुखलं तरच. दुखलं हे ती सांगणार नाही, जिना उतरताना कठडा धरला की समजायचं. दुधाचा चहा घेते, साखर एकच चमचा, दोन मागेल. सुईत दोरा तू ओवून दे, पण तिने मागायच्या आधी, आणि दुसरं काहीतरी करता करता.

शोधपत्रिकेचं उत्तर आलं. पुढच्या अंकात ते एक टीप छापणार आहेत. तुझं नाव नको म्हणालीस म्हणून घातलेलं नाही. टीप मी लिहिली, ती अशी: या लेखातील सर्व मोजणी माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. मी तिच्यावर आकडे बनवल्याचा आरोप केला होता. तो खोटा होता, आणि हे मला लेख लिहिण्याआधी माहीत होतं. संपादकांनी विचारलं, शेवटचं वाक्य गाळलं तर चालेल का. मी कळवलं, चालणार नाही. संचालकांनाही तीच टीप पाठवली. बाटल्या धुणाऱ्या बाई वारल्या, असं कळलं. त्यांना सांगायचं राहिलं.

तुझ्या सहा वह्या ताईच्या पिशवीत आहेत, साड्यांच्या मध्ये. प्रवासात ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आहेत.

ताई किती दिवसांसाठी येते आहे ते तिने मला सांगितलेलं नाही. काल तिने मशीनचा वरचा भाग सोडवून पेटीत भरला. खालचे पाय तेवढे खोलीत उभे आहेत. मी पेटीला दोरी बांधायला मदत केली. गाठ नीट बसली नाही म्हणून तिने सोडून पुन्हा बांधली, आणि ते करताना एवढंच म्हणाली, "तू पण चल, असं मी म्हणणार नाही. घर तिचं आहे. म्हणायचं तर तिने म्हणावं."

मी म्हणाले, "बरोबर आहे."

ती जे बोलली ते तुला कळवणं म्हणजे मागणंच झालं. ते मला कळतं. हे पान फाडून दुसरं लिहावं असं दोनदा वाटलं. फाडलेलं नाही.

मावशी